दावणीत सापडलेली ती पानं

कागल तालुक्यातल्या, हायवेलगतच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलंय. गावाचं नाव छापू नका, असं त्यांनीच लिहिलंय. पत्र चार पानांचं आहे. त्यातलं मुख्य त्यांच्याच शब्दांत देतो:

"डॉक्टरसाहेब, आमच्या दोन म्हशी. थोरली पंढरपुरी, तिसऱ्या वेताची, व्यायला दोन महिने झालेली. मंगळवारी संध्याकाळी वैरण टाकली. रात्री दहाला बघितलं तर तोंडातनं लाळ, शेण पातळ, कान गार. पहाटे अंग टाकलं. गावातल्या एकानं कॅल्शियमची बाटली लावली, बाटली अर्धी व्हायच्या आत पाय झाडून गेली. धाकटीनं तीच वैरण खाल्ली होती पण थोडी. ती वाचली, अजून सुस्त आहे. दावणीत लांबट, चामड्यागत पानं सापडली, त्यातली दोन पाठवत्ये. वैरण माझ्या मुलानं आणली होती, आठवीत आहे. हायवेच्या कडंला छाटून टाकलेलं गवताबरोबर भाऱ्यात बांधून आणलं त्यानं. सासूबाई म्हणतात शेजाऱ्यानं काहीतरी घातलं, बांधावरनं भांडण आहे आमचं. मालक पोलिसात जातो म्हणतात. म्हस दुपारी पुरली, पोस्टमार्टम केलं नाही. मुलगा दोन दिवस धड जेवला नाही. धाकटीचं दूध घरात घ्यावं का? दारात शेळ्या आहेत, कुत्रं आहे. आणखी अशी कुठली झाडं असतात ते पण सांगा."

ताई, पाकीट फोडलं आणि ती दोन पानं टेबलावर पडली, तेव्हाच पत्रात काय असणार ते कळलं. भाल्याच्या पात्यासारखं निमुळतं पान, जाड, वाळलं तरी न चुरणारं. उजेडासमोर धरलं तर मधल्या शिरेपासून दोन्ही अंगांना बारीक शिरा निघालेल्या, एकीला एक लागून, कंगव्याच्या दातांसारख्या सरळ. ही कण्हेर आहे. देवाला वाहायला लाल-पांढरी फुलं देणारी, रस्त्याच्या दुभाजकात लावतात तीच.

दुभाजकात ती लावतात त्याला कारणं आहेत. पाणी कमी लागतं, धूर-धूळ सोसते, बारमाही फुलते आणि मोकाट जनावर तिला तोंड लावत नाही. तोंड का लावत नाही? तर ती कडू जहर असते. हिरवी, उभी कण्हेर आपलं रक्षण आपणच करते. तुमची थोरली रोज त्या रस्त्यानं गेली असती तरी तिनं त्या झाडाकडं वळून बघितलं नसतं.

घात होतो तो छाटल्यावर. कापलेली फांदी दोन दिवस उन्हात पडली की पान सुकतं, कडवटपणा उतरतो आणि जनावराला ते खाण्यासारखं वाटायला लागतं. विष मात्र सुकत नाही. वाळलेलं पान हिरव्याइतकंच मारतं. त्यात ते गवताच्या भाऱ्यात मिसळलेलं. म्हस काय आपल्यासारखी एकेक पान निवडून खाते? जिभेनं वेटोळं घालून घासच्या घास ओढते. साखर कारखान्यांचे पट्टे पडले, उसाचं वाढं संपलं, विहिरी तळाला गेल्या की आपल्याकडं वैरणीची काय तऱ्हा होते ते मला ठाऊक आहे. अशा दिवसांत रस्त्याकडंला फुकट पडलेला पाला बघून तेरा-चौदा वर्षांच्या पोरानं तो उचलून आणला, यात त्याचं काय चुकलं? घरच्या जनावराचं पोट भरावं म्हणूनच आणला त्यानं. मोठ्या माणसांनाही हे माहीत नसतं. छाटणी करणाऱ्यालाही कुणी सांगितलेलं नसतं, नाहीतर त्यानं ती गवतावर टाकली नसती.

किती पानं लागतात, तेही सांगतो, म्हणजे "एवढ्याशा पाल्यानं एवढी म्हस कशी मरेल" हा घरातला वाद मिटेल. गाईगुरांवर झालेल्या प्रयोगांत वजनाच्या दर किलोला सुमारे ५० मिलिग्रॅम वाळलेली पानं जीव घ्यायला पुरली आहेत. ४०० किलोच्या जनावराला म्हणजे २० ग्रॅम. तुमच्या मुठीत मावतील एवढी. मोठं जनावर दहा-वीस पानांनी गेल्याचं पशुवैद्यक नेहमी सांगतात, त्यात अतिशयोक्ती नाही.

आता ती गेली कशी, ते नीट समजून घ्या. तुम्हाला ते समजलं तर त्या बाटलीचाही उलगडा होईल.

हृदयाच्या प्रत्येक पेशीला एक पंप असतो. विहिरीवरची मोटर समजा. ही मोटर पेशीतलं सोडियम बाहेर फेकते आणि बाहेरचं पोटॅशियम आत ओढते, रात्रंदिवस. तिच्यामुळंच हृदय एका लयीत आवळतं आणि सैलावतं. कण्हेरीत ओलिअँड्रिन नावाचं द्रव्य असतं, ते थेट ही मोटर जाम करतं. मग सोडियम आत तुंबतं, त्याच्या पाठोपाठ पेशीत कॅल्शियम साठत जातं, आणि पोटॅशियम बाहेर रक्तात वाढतं. हृदय आधी जास्त जोरानं आवळतं, मग लय चुकते. एक ठोका इथं, दोन ठोके तिथं, मध्येच खंड. शेवटी ते नुसतं थरथरतं, रक्त पुढं ढकलत नाही. कान गार पडले ते याच्यामुळं. लाळ आणि पातळ शेण ही त्याच विषाची पोटातली खूण.

माणसांना हृदयविकारात देतात त्या डिगॉक्सिनच्या गोळीचं आणि कण्हेरीचं काम एकाच जातीचं आहे. गोळी मायक्रोग्रॅममध्ये मोजून देतात. दावणीत कोण मोजणार?

पेशीत आधीच कॅल्शियम नको इतकं भरत चाललंय, हे ध्यानात ठेवा, आणि आता ती बाटली आठवा. कान गार, जनावर बसलेलं, की आपल्याकडं पहिला विचार येतो मिल्क फिवरचा, म्हणजे व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम एकदम घटतं त्या दुखण्याचा. ताज्या व्यालेल्या म्हशीला तो होतोच, आणि तिला कॅल्शियमची बाटली म्हणजे जीवदानच. अर्ध्या तासात उठून उभी राहिलेली जनावरं मी शेकड्यांनी बघितलीत. पण तो बहुतेक वेळा विण्याच्या आगेमागे, पहिल्या दोन-तीन दिवसांत होतो. तुमची थोरली विऊन दोन महिने झाले होते. तिला लाळ होती, हगवण होती. हे मिल्क फिवरचं चित्र नव्हे. आणि कण्हेरीच्या विषावर शिरेतनं कॅल्शियम देऊ नये, असं आम्हाला शिकवतात, कारण तुंबलेल्या हृदयावर ती आणखी भर पडते.

आता तुम्हाला वाटेल, बाटली लावली नसती तर ती वाचली असती का. ताई, मला तसं वाटत नाही. रात्री दहाला लक्षणं, पहाटे अंग टाकलेलं, म्हणजे विष भरपूर गेलं होतं. ज्यानं बाटली लावली त्यानं पहाटेच्या अंधारात धावत येऊन, जीव वाचवायलाच लावली. त्याच्याशी अबोला धरू नका. मी हे त्याची बाजू घ्यायची म्हणून लिहीत नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका वस्तीवर मीच एका गाईला अशी बाटली लावली होती. स्टेथोस्कोप गळ्यात होता, छातीला लावला नाही. घरच्यांनी घाई केली, मी त्यांच्या घाईला बळी पडलो. सुई शिरेत असतानाच गाय गेली. गोठ्यामागं कण्हेरीचं कुंपण छाटून पडलेलं मला नंतर दिसलं. त्या घरच्या म्हातारीनं मला चहा दिला, एक शब्द बोलली नाही. तो चहा मी अजून विसरलेलो नाही. त्या दिवसापासून हृदय ऐकल्याशिवाय मी कुठल्याही जनावराला कॅल्शियम दिलं नाही.

आणि हे कण्हेरीपुरतंच नाही. खरोखरच्या मिल्क फिवरमध्येसुद्धा कॅल्शियम शिरेतनं भराभर सोडलं तर निरोगी हृदय बंद पडतं. बाटली कोमट करून, थेंबाथेंबानं, एका हातात स्टेथोस्कोप धरून द्यायची असते. ठोका अडखळला की थांबायचं असतं. म्हणून माझं तुम्हाला आणि वाचणाऱ्या प्रत्येक गोठेवाल्याला हात जोडून सांगणं आहे: बाटली घरात ठेवा हवी तर, पण शिरेत सुई घालायचं काम डॉक्टरांचं. डॉक्टर आले की आधी त्यांना तीन गोष्टी सांगा. विऊन किती दिवस झाले, शेवटची वैरण कुठनं आणली, आणि दावणीत वेगळं काय सापडलं. तिसरी गोष्ट सांगायला लोक विसरतात, आणि निदान तिच्यातच असतं.

मग अशा रात्री करायचं काय?

पहिलं, दावण रिकामी करा. उरलेली वैरण उचला, पण फेकू नका, पोत्यात बांधून ठेवा. दुसरं, १९६२ हा शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर आहे, त्याला किंवा तुमच्या दूध संस्थेच्या डॉक्टरला फोन करा आणि "कण्हेर खाल्ली असेल" हे शब्द वापरा, म्हणजे ते तयारीनं येतील. तिसरं, जनावराला चालवू नका, उठवायला शेपटी पिरगाळू नका, कुणाला भोवती गर्दी करू देऊ नका. त्या हृदयाला एक पाऊलसुद्धा जड असतं. धावपळीत जनावर जागेवर कोसळतं.

तेल, ताक, चिंचेचं पाणी, गूळपाणी बाटलीनं पाजण्याच्या भानगडीत पडू नका. मान टाकलेल्या जनावराला गिळता येत नाही, सगळं फुप्फुसात जातं, आणि विषातनं वाचलेलं जनावर चार दिवसांनी न्यूमोनियानं जातं. डॉक्टर नळीनं ॲक्टिव्हेटेड चारकोल पोटात सोडतात, तो विष धरून ठेवतो. मात्रा वजनाच्या दर किलोला १ ते २ ग्रॅम, म्हणजे मोठ्या म्हशीला अर्ध्या किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त, आणि पुन्हा द्यावा लागू शकतो. मेडिकलातल्या दोन-चार गोळ्यांनी किंवा चुलीतला कोळसा कुटून ते काम होत नाही. ठोके फार मंदावले असतील तर ॲट्रोपिन, लय बिघडली असेल तर तिची वेगळी औषधं, हे सगळं हृदय ऐकत ऐकत ठरवायचं असतं. लवकर कळलं आणि जनावर किमती असलं तर पोट उघडून पाला बाहेर काढण्याचं ऑपरेशनही करतात, कारण कोठ्यात पडलेली पानं तासन्‌तास विष सोडत राहतात.

धाकटीचं आता. ती वाचली याचा मला मनापासून आनंद आहे. पण सुस्त आहे, याचा अर्थ हृदय अजून पुरतं सावरलं नसेल. तिला आठ-दहा दिवस गोठ्यातच ठेवा, चरायला किंवा डुंबायला लांब नेऊ नका. दूध घरात घेऊ नका आणि संस्थेतही घालू नका. कण्हेरीची बाधा झालेल्या गाईंच्या दुधात ओलिअँड्रिन सापडल्याची नोंद इटलीत झालेली आहे. म्हणून डॉक्टरांनी हृदय ऐकून "ठीक आहे" म्हणेपर्यंत आणि त्यानंतरही आठवडाभर, मी माझ्या घरी असतो तर ते दूध वापरलं नसतं. धार मात्र रोज काढा, नाहीतर कासेला त्रास होईल. काढलेलं दूध खड्ड्यात ओता. रेडकाला, कुत्र्याला, मांजराला घालू नका. दोन पैशांचं नुकसान आहे, मला कळतं. थोरली गेल्यावर हे सांगणं जड जातंय. पण त्या दुधाच्या कॅनमध्ये दुसऱ्याच्या लेकराचंही दूध असतं.

आता शेजाऱ्याचं. दावणीत कण्हेर होती. म्हशीला झालं ते कण्हेरीनं होतं तसंच. कण्हेर कुठनं आली, कुणी आणली, कधी आणली, तेही तुम्हाला माहीत आहे. मग यात शेजारी येतो कुठनं? बांधाचं भांडण बांधावर सोडवा. मालकांना हे पत्र वाचून दाखवा आणि पोलिसांत जायचा विचार सोडायला सांगा. आपल्याकडं जनावर अचानक मेलं की आधी माणसावर संशय, नाहीतर करणीवर. अशा संशयांनी पिढ्यान्‌पिढ्या न बोलणारी घरं मी बघितलीत.

हा संशय मिटवायचा खात्रीचा मार्ग पोस्टमार्टम हाच होता. हृदयाचं विष बाहेरून फारशी खूण सोडत नाही, पण कोठा उघडला की पानांचे तुकडे सापडतात, आणि त्या कंगव्यासारख्या शिरा अर्धवट चावलेल्या पानावरही ओळखू येतात. शंका राहिली तर नमुने पुढं तपासणीला पाठवता येतात. विमा असेल तर पोस्टमार्टमचा दाखला आणि पंचनामा नसेल तर दावा उभा राहत नाही; कानातला बिल्लाही कापून टाकायचा नाही. तुम्ही पुरलंत ते खोल आणि चुना टाकून पुरलं असेल अशी आशा करतो. वरची माती कुत्र्यांनी उकरलेली दिसली तर पुन्हा भर घाला, कारण पोटात तीच पानं आहेत.

तुम्ही विचारलंय, आणखी कुठली झाडं. सगळी यादी देत नाही, कण्हेरीसारखी हृदयावर जाणारी आणि तुमच्या दारात, रस्त्यात भेटतील तेवढीच सांगतो.

पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी. घंटेसारखी पिवळी फुलं, हिरवं तिकोनी फळ, आत टणक बी. पोरं त्या बिया खेळायला घेतात. विष सगळ्या झाडात, पण बियांत सर्वांत जास्त. हृदयावर काम लाल कण्हेरीसारखंच. हिच्या बियांपासून जनावरं आणि लेकरं दोन्ही जपा.

रुई. तिच्या चिकातही याच जातीची द्रव्यं असतात. शेळ्या उभी रुई सहसा टाळतात, पण इथं आपल्या भक्तीचा एक धागा येतो. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ, महादेवाला कण्हेर आणि बिट्टीची फुलं. हे निर्माल्य दुसऱ्या दिवशी देवळामागं, नदीकाठी, उकिरड्यावर पडतं, सुकतं, आणि मोकाट शेळ्या-गाई त्यात तोंड घालतात. पंचगंगेच्या घाटावर निर्माल्यासाठी वेगळी कुंडं ठेवायची मोहीम प्रदूषणासाठी चालते, ती जनावरांसाठीही तितकीच गरजेची आहे. बेंदराला बैलाच्या शिंगांना आणि पाडव्याला म्हशींच्या गळ्यात माळा घालता, त्या झेंडूच्या असू द्या. कण्हेर-रुई त्यात नको. शेजारच्या जनावराच्या गळ्यातली माळ जनावर मजेत ओढून खातं.

हळदीकुंकू म्हणून एक फूलझाड असतं, लाल पाकळ्या आणि मध्ये पिवळा गोंडा. रुईच्याच गणगोतातलं, चिकही तसाच. ओढ्याकडंला, पाटाकडंला आपोआप उगवतं. गवत कापताना विळ्यात येतं. आणि पानफुटी, मूतखड्यावर म्हणून कुंडीत लावतात ती. तिच्या कुळातल्या झाडांनी ऑस्ट्रेलियात गुरंच्या गुरं गेलीत, फुलोऱ्यात विष जास्त असतं. कुंडी शेळीच्या तोंडाला लागेल अशी ठेवू नका.

घाणेरी मी यात धरत नाही. ती वाईटच, पण तिचा मारा यकृतावर असतो, कावीळ होते आणि उन्हात कातडी सोलते. प्रत्येक विषारी झाड हृदयाचं नसतं, आणि उपचार वेगळे असतात म्हणून हा फरक सांगितला.

कुत्र्याचं विचारलंत. पहिल्या पावसात अंगणात ते खरखरीत कातडीचे, फुगलेल्या अंगाचे मोठे बेडूक येतात ना, त्यांच्या डोळ्यांमागं दोन उंचवटे असतात. त्यातला पांढरा चीक हृदयाला कण्हेरीसारखाच. कुत्रं, विशेषतः पिल्लू, खेळता खेळता त्याला तोंडात धरतं आणि लगेच फेसाळ लाळ गाळायला लागतं. अशा वेळी त्याचं तोंड खाली करून नळाच्या पाण्यानं हिरड्या, जीभ पाच-दहा मिनिटं धुवा, ओल्या फडक्यानं पुसा, पाणी घशात जाऊ देऊ नका, आणि मग डॉक्टरकडं न्या. गडद चॉकलेट आणि चहापावडरही कुत्र्याच्या हृदयाला धोक्याची. लाल विंचवाचं विषही हृदयावर जातं. आपल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधानं माणसांना त्यातनं वाचवायचा मार्ग घालून दिला, त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. गोठ्यातले विटांचे ढीग आणि जुनी लाकडं हलवताना जपा, जनावरासाठीही आणि स्वतःसाठीही.

आता दोन गोष्टी पोत्यातल्या. त्या झाडांपेक्षा जास्त लपलेल्या असतात म्हणून जरा थांबून सांगतो.

एक, कोंबडीचं खाद्य. त्यात रक्ती हगवणीवर मोनेन्सिनसारखं औषध मिसळलेलं असतं, टनाला १०० ग्रॅमच्या आसपास. कोंबडीला ते सोसतं. घोड्याला वजनाच्या दर किलोला २ ते ३ मिलिग्रॅम पोटात गेलं तरी जीव जाऊ शकतो, कारण ते हृदयाच्या स्नायूचाच नाश करतं. आपल्याकडं शर्यतीसाठी घोडे पाळतात, "ताकदीचं" म्हणून कोंबडीखाद्य त्यांच्या पुढ्यात टाकणारे मला भेटलेत. कृपा करून टाकू नका. त्यातनं वाचलेला घोडाही बरा झाला असं समजू नका. हृदयावर व्रण राहतो आणि पुढं कधीतरी पळता पळता कोसळतो. गाई-म्हशींना पोल्ट्रीची लिटर, म्हणजे कोंबड्यांखालचा विष्ठा मिसळलेला भुसा, खायला घालायची पद्धत काही ठिकाणी आहे, तिथंही हेच औषध सांडलेलं असतं.

दुसरी, सरकी. मोठ्या म्हशीला सरकी पेंड आपण पिढ्यान्‌पिढ्या घालतो आणि बेताची घातली तर ती चांगलीच. तिच्यातलं गॉसिपॉल मोठ्या जनावराच्या कोठ्यात बरंचसं निकामी होतं. रेडकाचा कोठा मात्र तयार झालेला नसतो. त्याला सरकी चारत राहिलं तर ते विष आठवडे-महिने हृदयात साठतं आणि धष्टपुष्ट दिसणारं रेडकू एक दिवस धापा टाकून जातं. रवंथ नीट चालू होईपर्यंत रेडकाच्या आंबोणात सरकी नको. लोभानं लवकर मोठं करायला जाऊन घालवलेली रेडकं मी बघितलीत.

उसाच्या औषधांचं थोडक्यात. फोरेट, म्हणजे आपलं थिमेट, उसाची मुळं खाणाऱ्या हुमणी अळीसाठी वापरत होते, ते देशात ३१ डिसेंबर २०२० नंतर बंद झालं. पण जुनं पाकीट कुणाच्या ना कुणाच्या खोपीत असतंच. त्याच्या बाधेतही लाळ आणि हगवण असते, ठोके मंदावतात, म्हणून कण्हेरीशी गल्लत होते. फरक असा की डोळ्यांतली बाहुली टाचणीएवढी बारीक होते आणि अंगावरचे स्नायू फडफडतात. डॉक्टरांना बाहुलीबद्दल आवर्जून सांगा.

दुभाजकाची छाटणी परत होणार. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर महामार्गाची देखभाल करणाऱ्यांना एक अर्ज द्या: छाटलेली कण्हेर रस्त्याकडंला टाकू नका, त्याच दिवशी उचला. अर्जाला तुमच्या म्हशीची हकीकत जोडा. तुम्हाला सापडली तर हातमोजे घालून पोत्यात भरा आणि खड्ड्यात पुरा. चुलीत, बंबात घालू नका, तिचा धूर घरात नको. ज्या हौदात किंवा काहिलीत पानं-फुलं पडतात त्यातलं पाणीही जनावराला दाखवू नका, विष पाण्यात उतरतं.

आणि आता तुमच्या मुलाशी दोन शब्द. त्याला जवळ बसवून वाचायला द्या.

बाळा, तुझ्यामुळं म्हस गेली नाही. तू आणलेल्या पाल्यानं गेली, आणि तो विषारी आहे हे तुला कुणीच सांगितलं नव्हतं. आता तुला माहीत आहे, तसं तुझ्या वर्गातल्या वैरण आणणाऱ्या पोरांनाही दाखव. आईनं ठेवलेलं एक पान वहीत चिकटव, शिरा दिसतील असं.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे. धाकटीच्या शेपटीच्या मुळाशी, खालच्या बाजूला, मधोमध दोन बोटं हलके ठेव. आत एक नाडी उडताना लागेल. नाही लागली तर डाव्या कोपराच्या मागं छातीवर तळहात ठेव. म्हस शांत उभी असताना, पूर्ण एक मिनिट मोज. मोठ्या म्हशीचे ठोके साधारण ५० ते ७० असतात. आकड्यापेक्षा लय बघायची: ठोके सारख्या अंतरानं पडतायत का, मध्येच एखादा गळतोय का. सकाळ-संध्याकाळ धारेच्या आधी मोज आणि तारीख, वेळ, आकडा, "लय सारखी" किंवा "चुकली" एवढं लिहून ठेव. लय चुकली किंवा आकडा चाळीसच्या खाली गेला तर त्याच वेळी आईला सांगून १९६२ ला फोन लावायचा. आठ दिवसांनी ती वही डॉक्टरांना दाखव आणि मलाही एक पान पाठव.